राक्षसांचे दहावे

आमचे घरमालक हिंदुराव यांना कुणी मेलं की तरतरी यायची. वाक्य वाईट आहे, मला मान्य आहे, पण खोटं नाही. मरणाचा आनंद व्हावा इतके ते दुष्ट नव्हते. त्यांना आनंद व्हायचा तो दहाव्याचा. मी मूळची वारज्याची, पण हडपसरला राहायला आल्यावर कळलं की इथून थेट लोणी काळभोरपर्यंत दहावा म्हणजे नुसता विधी नसतो, ती सभा असते. नदीकाठी मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, कीर्तनकार, आणि एकदा पिंड मांडले की कावळा येईपर्यंत श्रद्धांजलीची भाषणं. या भाषणांत हिंदुरावांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, एक हात माइकच्या दांड्यावर आणि नजर नदीपलीकडे. जन्मभर भावकीच्या उरावर बसलेला माणूस त्यांच्या तोंडी 'आधारवड' व्हायचा. दारू पिऊन विहिरीत पडलेल्या एकाला त्यांनी 'जलतत्त्वात विलीन' केल्याचं लोक अजून सांगतात.

त्यांची शेती हडपसरच्या वाढीत गेली तेव्हा ते चाळिशीत होते. जमिनीवर चार मजली इमारत उभी राहिली आणि इमारतीत आम्ही भाडेकरू. हाताला काम उरलं नाही, तोंडाला मात्र होतं. पहाटे फोन वाजला की त्यांची बायको सोजरबाई आधी "कोण गेलं?" विचारायच्या आणि मग उत्तराची वाट न पाहता इस्त्री तापत ठेवायच्या.

मग लोणी काळभोरला तो प्रकार झाला. एकाच सकाळी नदीकाठी दोन दहावे होते, शेजारी शेजारी, दोन्हींकडे सारखाच पांढरा मंडप. हिंदुराव उशिरा पोचले. मोटारसायकलवरून उतरले तसे कुणीतरी ओळखलं, कुणीतरी हाताला धरलं, कुणीतरी माइक पुढे केला. हिंदुराव उभे राहिले आणि त्यांनी कैलासवासी दत्तोबांच्या दातृत्वाचं असं काही वर्णन केलं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. दारी आलेला पाहुणा जेवल्याशिवाय कधी परत गेला नाही. पत्नीला ते उभ्या आयुष्यात एक शब्द वावगा बोलले नाहीत. अडचण अशी की दत्तोबांचा दहावा शेजारच्या मंडपात होता. या मंडपातले कैलासवासी पाहुणा दिसला की मागच्या दाराने शेतात जाणारे होते. आधी मागच्या रांगेत खसखस पिकली. मग ती पुढे सरकली. आणि शेवटी कैलासवासींची बायको, डोक्यावरचा पदर तोंडात कोंबून, गदागदा हसायला लागली. दहाव्याला विधवा हसली. असलं पाप कावळाही माफ करत नाही.

त्या दिवसापासून हिंदुरावांच्या हाती कुणी माइक दिला नाही. बोलावणी यायची, खुर्ची मिळायची, पण पहिल्या रांगेतली दुसरीत गेली, दुसरीतली पाचवीत. नगरसेवक व्हायला निघालेली पोरं बोलायची आणि हिंदुराव ऐकायचे. तीन वर्षं हा माणूस तोंडात भाषण धरून हिंडत होता. आणि अशा अवस्थेत तो आमच्या तावडीत सापडला, किंवा आम्ही त्याच्या.

आम्ही म्हणजे तिघं. मी नीरजा, एका आयटी कंपनीत दुसऱ्यांच्या चुका काढायचं काम करते आणि ते मला फार आवडतं. नासिर, कॅम्पात त्याच्या घरच्यांचं चष्म्याचं दुकान आहे, स्वभावाने इतका नम्र की गिऱ्हाइकाने चष्मा उलटा घातला तरी आधी "छान दिसतोय" म्हणेल. आणि सुहासिनीताई, पोस्टातून निवृत्त झालेल्या, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. आम्हाला एका खेळाचं वेड होतं. यात पट नसतो. एक जण सूत्रधार होतो आणि सांगतो की तुम्ही जंगलात आहात, समोर गुहा आहे, गुहेतून घोरण्याचा आवाज येतोय. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर, आणि आपलं पात्र आता काय करतं ते बोलून सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. हे पात्र वर्षानुवर्षं तेच राहतं. माझी होती तडिता नावाची योद्धी. तिच्याकडे कुऱ्हाड होती आणि माझ्याकडे आठवडाभराचा राग होता. साहेब, गिऱ्हाईक, पार्किंगमध्ये माझ्या जागेवर गाडी लावणारा तिसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ, या सगळ्यांची मुंडकी मी रविवारी सकाळी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत उडवत असे. सोमवारी कामावर जाताना मला फार प्रसन्न वाटायचं.

ती खोली हिंदुरावांची. फुकट दिलेली. एका रविवारी ते पाण्याची टाकी भरली का बघायला वर आले आणि रंगाच्या रिकाम्या डब्यावर टेकले. खेळ समजावून सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे गप्पाच की." आणि बसून राहिले.

त्या वेळी नासिर सूत्रधार होता. आम्ही एका पुलापाशी पोचलो होतो आणि पुलावर पहारेकरी म्हणून एक गॉब्लिन उभा होता, म्हणजे हिरव्या कातडीचा बुटका राक्षस. या खेळात गॉब्लिन मारण्यासाठीच असतात. मी फासा टाकला, तडिताने कुऱ्हाड घातली, गॉब्लिनचे दोन तुकडे झाले आणि आम्ही पूल ओलांडणार तेवढ्यात डब्यावरून प्रश्न आला की त्याचं गाव कुठलं. नासिरला कळेना कुणाचं. हिंदुराव म्हणाले, "मयताचं." नासिर पडला नम्र. त्याने सांगितलं, पुलाखालचं. घरी कोण कोण असतं? नासिर म्हणाला, आई असते, दोन बहिणी असतात. नाव काय होतं? नासिरने इकडेतिकडे पाहिलं आणि सोनबा म्हणाला.

हिंदुराव उठले. त्यांनी टोपी सारखी केली. खोलीत माइक नव्हता म्हणून छत्रीच्या दांड्यावर हात ठेवला आणि कैलासवासी सोनबा यांना श्रद्धांजली वाहायला सुरुवात केली. पूल दगडाचा होता, पण त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाची निष्ठा सोन्याची होती. ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही. रोज दुपारी म्हातारी आई भाकरी घेऊन यायची आणि हा पोर अर्धी भाकरी बहिणींसाठी बांधून ठेवायचा. भाषण संपता संपेना. सुहासिनीताईंनी दोनदा चहाची आठवण केली, ती 'जड अंतःकरणाने' या शब्दांखाली दबून गेली. शेवटी आम्हाला उभं करून दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. मी उभी राहिले आणि मनातल्या मनात जळफळत होते. पण खरं सांगायचं तर मला त्या अर्ध्या भाकरीचा त्रास झाला. मारताना नासिरने त्याचा चेहराही सांगितला नव्हता, आणि आता मला त्याच्या घरचा डबा माहीत झाला होता.

मी म्हणाले, काका, हा खेळ आहे. त्यावर त्यांनी निकाल दिला की माझ्या खोलीत मयत झालं तर त्याचा दहावा माझ्या खोलीत होणार. खोली फुकट असल्यामुळे यावर पुढे बोलण्याची सोय नव्हती.

पुढच्या रविवारी ते सुधारित नियम घेऊन आले. नुसती श्रद्धांजली पुरेशी नव्हती, कावळाही शिवायला हवा होता. त्यासाठी फासा टाकायचा. अठरा किंवा वर पडला तर कावळा पिंडाला शिवला. नाही पडला तर मयताची काहीतरी इच्छा राहिली आहे असं समजायचं, ती आम्ही ओळखायची आणि पुरी करण्याचा शब्द द्यायचा, मग पुन्हा फासा. अठरा वारंवार पडत नाही हे ज्यांनी असले फासे टाकलेत त्यांना माहीत आहे. एका दरोडेखोर ऑर्कला, म्हणजे गॉब्लिनच्या थोराड भाऊबंदाला, मी चिडून मारलं तर त्याचा कावळा येईपर्यंत दुपार झाली. तोवर आम्ही त्याच्या धाकट्या भावाला सैन्यात चिकटवण्याचा, पडक्या देवळाला शेंदूर लावण्याचा आणि त्याच्या बहिणीसाठी स्थळ बघण्याचा शब्द देऊन बसलो होतो. पुढचे दोन रविवार तडिता, जिच्या नावाने डोंगर कापायचे, ती ऑर्कांच्या वस्त्यांत मुलगा बघत फिरली. मुलगा चांगला मिळाला, हे वेगळं.

नासिरने लवकरच हात टेकले. त्यालाही कधीचं एखादं पात्र घेऊन खेळायचं होतं. त्याने सूत्रधाराची जागा हिंदुरावांना देऊन टाकली आणि स्वतः एक पळपुटा चोर घेऊन आमच्यात येऊन बसला. हिंदुरावांनी पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा समोर आडवा उभा केला, कारण सूत्रधाराने आपले फासे लपवायचे असतात हे त्यांना फार भावलं, आणि कारभार हाती घेतला.

आणि मग आमच्या खेळात कुणी मरेनासं झालं. आम्हाला कुणी दयाधर्म शिकवला नाही, आम्हाला नुसता कंटाळा आला. एक गॉब्लिन मारला की सगळी सकाळ भाषणात जाते हे कळल्यावर माणूस आपोआप विचार करायला लागतो की याला न मारता वाट निघेल का. वाट निघायची. वाटसरूंना खाणाऱ्या गुहेतल्या राक्षसाला आम्ही सोनबाच्या पुलावर वॉचमन लावला. डाकूंच्या दोन टोळ्या एकमेकींवर उठल्या होत्या, त्यांची सोयरीक जुळवली. दोन चेटकिणींचं भांडण होतं, तर सुहासिनीताईंनी त्यांना एका खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली आणि निवांत स्वेटर विणत बसल्या. पोस्टात दोन कारकुनांचं असंच मिटवलं होतं म्हणे. नासिरचा चोर तर पळून जाण्यात इतका तरबेज झाला की आम्ही त्याच्यामागून नुसते पळालो तरी निम्म्या लढाया टळायच्या. तडिताची कुऱ्हाड लग्नघरी लाकडं फोडायला जायची. मी चरफडायचे, पण खेळात रंगत वाढली होती हे नाकारता येत नव्हतं. आधी राक्षस दिसला की पुढे काय होणार ते ठाऊक असायचं. आता तो काय बोलेल, कशावर अडून बसेल, त्याची सासू कुठली निघेल, काही सांगता यायचं नाही.

नाराज होता फक्त एक माणूस. लोकांनी मरणं सोडल्यावर हिंदुरावांच्या भाषणांचं काय होणार? त्यांनी दोन रविवार वाट पाहिली, मग आम्हाला चिथवायला सुरुवात केली. एकेक राक्षस असा नीच निर्माण केला की संत माणसानेही कोयता उचलावा. त्यांतला अजस्र नावाचा एक मला अजून आठवतो. त्याने गावाचं पाणी तोडलं होतं, रात्रभर ढोल बडवायचा आणि आपला रथ नेमका दुसऱ्याच्या दारासमोर उभा करायचा. शेवटचं वाक्य हिंदुरावांनी माझ्याकडे बघून सावकाश उच्चारलं. मी फासा घेऊन ताडकन उठले. नासिरने माझी बाही धरली आणि हळूच म्हणाला, "दहावा आठव." मी खाली बसले. अजस्रला आम्ही झाडाला उलटा टांगला आणि तो पाणी सोडायला कबूल झाल्यावर सुलटा केला. हिंदुरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. असल्या माणसाला जिवंत सोडता, तुमच्यात काही नीतिमत्ता उरली आहे की नाही, असं त्यांनी आम्हाला खडसावून विचारलं.

आम्ही खूप हसलो. माझं हसू पुढच्या आठवड्यात आटलं. इमारतीसमोर राहणारे सर्जेराव वारले होते, माझ्याशी नीट बोलणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक, म्हणून ऑफिसला जाण्याआधी मी त्यांच्या दहाव्याला गेले. हिंदुराव शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते. सर्जेराव त्यांचे शाळेपासूनचे सोबती. पण माइक धरलेला तरुण एकेका पुढाऱ्याला बोलावत होता. प्रत्येक वेळी तो "आता आपल्यासमोर" म्हणाला की हिंदुरावांचा हात टोपीकडे जायचा आणि ते खुर्चीवरून थोडे उठायचे. नाव दुसऱ्याचं निघालं की सदऱ्याची घडी सारखी करायचं निमित्त करून पुन्हा बसायचे. कावळा लवकर आला आणि सभा उठली. ते तडक चालत घरी गेले. मला अतिशय वाईट वाटलं. इतकं की त्या दिवशी पार्किंगमध्ये माझ्या जागेवर लावलेली गाडी मी पाहिली आणि काही बोलले नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी ठरवलं की काकांना एक मोठं मयत द्यायचं. पत्र्याच्या खोलीतलं नाही. बाहेर गच्चीवर, खुर्च्या मांडून, खराखुरा माइक लावून, माणसं बोलावून. नासिरचं म्हणणं होतं की ड्रॅगन मारू. मी म्हणाले, ड्रॅगनसाठी कुणी येणार नाही, तडिता मरायला हवी. इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे की तडिता म्हणजे मी, लोक येतील. हे कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. त्याच आठवड्यात साहेबांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की तुमचं काम अचूक आहे, पण तुमच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. मला ऐकायचं होतं, हिंदुरावांच्या तोंडून, अगदी 'आधारवड' पासून सगळं. जिवंतपणी स्वतःची श्रद्धांजली ऐकण्याची संधी किती जणांना मिळते?

माइक आणि स्पीकर गणपती मंडळाकडून आणले. हिंदुरावांना एवढंच सांगितलं की रविवारी बाहेर खेळू, एखादं मोठं मयत व्हायची शक्यता आहे. ते म्हणाले, बघू. मग शनिवारी जाऊन त्यांनी दाढी-केस करून आणले आणि नवी टोपी घेतली. सोजरबाईंना मात्र विश्वासात घ्यावं लागलं, कारण पोहे त्या करणार होत्या. त्यांनी कढई घासता घासता विचारलं, "कोण मेलंय?"

"मी," मी म्हणाले.

"कवा?"

"अकरा वाजता."

"मग पोहे साडेअकराला टाकते," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याला शेवटपर्यंत यातला शब्द कळू दिला नाही.

रविवारी गच्ची भरली. माझ्या मरणाला इतकी गर्दी होईल असं मला वाटलं नव्हतं, आणि इतक्या आनंदाने लोक येतील असं तर मुळीच वाटलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे गाडीवाले पहिल्या रांगेत होते. आम्ही एका कोपऱ्यात चटईवर बसून खेळत होतो. ड्रॅगन किल्ल्याच्या दारात बसलेला होता, आणि गंमत म्हणजे तो तडजोडीला तयारही झाला होता. तेवढ्यात मी जाहीर केलं की तडिता एकटीच त्याच्या जबड्यात उडी मारते.

हिंदुरावांनी विचारलं, का? मी म्हणाले, राग आला. कशाचा? असाच. यावर त्यांनी मान डोलावली, कारण मला ओळखणाऱ्या कुणालाही हे पटण्यासारखं होतं. त्यांनी सुहासिनीताईंकडे पाहिलं, त्यांच्या पात्राकडे औषधी मुळ्या होत्या. ताई म्हणाल्या, मुळ्या संपल्या. नासिरचा चोर नेहमीप्रमाणे पळून गेला होता. ड्रॅगनने आग ओकली आणि तडिता कोसळली. आता शेवटचा फासा. तो सूत्रधाराने टाकायचा, दहाच्या वर पडला तर जीव राहतो, नाहीतर खेळ आटोपला. आणि जीव राहिलाच तर मी लगेच पुन्हा उडी मारणार होते.

हिंदुरावांच्या लक्षात सगळं आलं होतं. त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं, माइककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पुठ्ठ्याआड फासा टाकला. तो जरा जोरात पडला, पुठ्ठ्याखालून घरंगळत माझ्या गुडघ्यापाशी आला आणि थांबला. दोन. मी स्पष्ट पाहिला. त्यांनी त्यावर पंजा ठेवला, फासा ओढून घेतला आणि म्हणाले, "चौदा."

"काका, मी मेले," मी म्हणाले.

"न्हाई. धुगधुगी हाय."

"फासा दाखवा."

त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात घातला. मला भयंकर राग आला. एका माणसासाठी एवढा घाट घालावा आणि त्याने ऐन वेळी माझं मरण खिशात घालावं, म्हणजे काय? मी त्यांच्या जवळ सरकून दबक्या आवाजात सांगितलं की खुर्च्या भरल्यात, माइक चालू आहे, हे सगळं तुमच्यासाठी केलंय, आता मला मुकाट्याने मरू द्या.

"कळलंय मला," ते म्हणाले. "टोपी काय उगाच नवी घातली? पर न्हाई जमायचं." मग पुठ्ठ्याचा कोपरा कुरतडत म्हणाले, "ज्यांच्यावर बोललो त्यातलं निम्मं तर मी वळखत बी नव्हतो, म्हणून बोलता आलं. सर्जेरावाच्या दहाव्याला माझं नाव घेतलं न्हाई ते एका परीनं बरंच झालं, माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. ह्या तडिताला मी दर रविवारी बघतोय. उभा राहिलो तर रडू येईल. आन खोटं बोलावं म्हटलं, तर तू हितंच बसलेली. उठून चुका काढशील."

खुर्च्यांवरची माणसं चुळबुळ करायला लागली होती. सोजरबाईंनी जिन्यातून डोकावून मेली का म्हणून विचारलं, कारण पोहे भिजवून झाले होते.

हिंदुराव उठले. चालत माइकपाशी गेले. टोपी सारखी केली, दांड्यावर हात ठेवला, नजर समोरच्या इमारतीपलीकडे नेली. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात होतं. त्यांनी घसा साफ केला. स्पीकर एकदा कुंईं करून गप्प झाला.

"मंडळी," ते म्हणाले, "कुणी मेलेलं नाही. पोहे खाऊन जावा."

एवढंच. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण. मग तिसऱ्या मजल्यावरच्या गाडीवाल्यांनी टाळी वाजवली, का ते त्यांचं त्यांना ठाऊक, आणि मग सगळी गच्ची टाळ्या वाजवायला लागली. दहाव्याच्या भाषणाला कधी कुणी टाळ्या वाजवत नाही. त्यामुळे एवढी वर्षं बोलूनही टाळ्यांचं काय करायचं असतं ते हिंदुरावांना माहीत नव्हतं. ते माइक धरून तसेच उभे राहिले.